तासभर बसा

आमच्या भागात ज्यांना म्हणून तोंड भरून हसता येतं, त्यांतले निम्मे लोक कवळीमास्तरांच्या दातांनी हसतात. कोण कोण, ते मी सांगणार नाही. सांगितलं तर एक जमत आलेली सोयरीक मोडेल आणि दोन घरांत अबोला होईल. माझे वरचे दात त्यांच्या हातचे आहेत, हे मात्र सांगून टाकतो. ते सगळ्यांना माहीतच आहे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंप्याला मास्तर म्हणतात तसे. डेंटिस्ट तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात आणि त्या ठशावरून मास्तर कवळी घडवतात. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चालतं. भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर ओळीनं प्लास्टरचे जबडे. पहिल्यांदा आत येणारा माणूस दचकतो. एवढे सगळे कशाला हसताहेत ते कळत नाही, आणि आपल्यालाच हसताहेत की काय, अशी शंका येते.

बाकीचे कवळीवाले माल डेंटिस्टकडे पाठवून मोकळे होतात. मास्तरांचं तसं नाही. कवळी घालायला माणसानं त्यांच्याकडे यायचं, आणि घातल्यावर तासभर बसायचं. त्यासाठी दाराजवळ एक लाकडी बाक ठेवलेला आहे. बाकावर बसून गप्पा मारायच्या, बिस्किट खायचं, सफरचंदाची फोड चावायची. बसवल्या क्षणी कुठलीच कवळी दुखत नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिला तास सगळ्याच सुना गोड असतात, आणि सासवाही. खरं काय ते तासाभरानं कळतं.

तास झाला की मास्तर विचारणार, "दुखतंय का?" गिऱ्हाईक म्हणालं, "दुखतंय," की मास्तर म्हणणार, "मग दुखतंय." पुढे वाद नाही. कवळी काढायची, कणभर घासायची, पुन्हा घालायची, पुन्हा तास. तोंड ज्याचं, खरं त्याचं, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. एकदा एका निवृत्त हेडमास्तरांनी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत 'दुखतंय, दुखतंय' करून घेतलं. खरं म्हणजे त्यांना घरी जायचं नव्हतं. घरी मेहुणा उतरला होता. मास्तरांनी ते दुपारीच ओळखलं असावं, कारण दुपारनंतर ते कवळी हातात धरून नुसती हवा घासत होते. पण 'दुखत नाही' असं त्यांनी हेडमास्तरांना एकदाही म्हटलं नाही.

आणखी एक नियम होता. दुरुस्तीला आलेले दात त्याच दिवशी परत करायचे, आपल्याकडे मुक्कामाला ठेवायचे नाहीत. "माणूस उपाशी राहतो," म्हणायचे.

आमच्या गल्लीत वर्तमानपत्र उशिरा येतं, पण कुणाला त्याची घाई नसते, कारण बाक आहे. आता जे सांगतो आहे तेही बहुतेक त्याच बाकावर ऐकलेलं आहे. काही वहिनींकडून, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडून, आणि काही खुद्द त्या मॅनेजरकडून, जे आता तिथे येऊन बसतात. त्यांच्याकडे वळूच.

वहिनींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन छान झालं, असं सर्जन म्हणाले; सर्जनांना नेहमीच छान होतं. घरात त्या काठी घेऊन हिंडू-फिरू लागल्या, पण गाडीत बसायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी. टॅक्सीची सीट खोल, शेजाऱ्यांच्या गाडीची कडक, पुतण्याच्या गाडीत चढायला शिडी हवी. म्हणून मास्तरांनी ठरवलं, गाडी घ्यायची. आणि माणूस असा, की गाडीही कवळीसारखीच घ्यायला निघाला. शहरातल्या एकेका शोरूममध्ये वहिनींना न्यायचं, चालकाशेजारच्या सीटवर बसवायचं, आणि तासभर थांबायचं. विक्रेते मायलेज सांगायचे, पाढा म्हणावा तसा कर्जाचा हप्ता सांगायचे, आणि मास्तर खिडकीशी उभे राहून घड्याळ बघायचे. एका ठिकाणी विक्रेत्याला वाटलं, बाईंना चक्कर आली आहे. त्यानं पाणी आणलं आणि मालकांना बोलावलं.

शेवटी एका मोठ्या, परदेशी, काळ्याभोर गाडीत बसून तास झाला, आणि वहिनी म्हणाल्या, "इथे दुखत नाही."

ती सीट नव्हती, सिंहासन होतं. बटण दाबलं की वर जायची, दुसरं दाबलं की पाठीला फुगायची. तिच्या पोटात हवेच्या छोट्या पिशव्या होत्या, माणूस बसेल तशा त्या आकार घेत. किंमत ऐकून मास्तरांची दातखीळ बसली. पण वहिनी हसत होत्या, आणि ऑपरेशननंतर त्या गाडीत बसून पहिल्यांदाच हसत होत्या. वडिलांकडून आलेला जमिनीचा एक तुकडा होता, तो विकला आणि गाडी दारात आली. गल्लीत चर्चा व्हायची ती झालीच. एवढ्या कवळ्या खपतात तरी कुणाला, असा हिशेब लोक आपापल्या शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून करू लागले.

गाडी घेण्यामागे आणखी एक कारण होतं आणि ते म्हणजे ताई. वहिनींची थोरली बहीण. दोन-अडीच तासांच्या अंतरावर राहायची. ताईंना गाडी लागते, वाहन हललं की पोटातलं बाहेर येतं, म्हणून त्या कुठे जात नसत; जायचं ते वहिनींनीच. दोघींचं रोज फोनवर भांडण व्हायचं. लहानपणी कुणी कुणाची वेणी ओढली, इथपासून ते आईच्या बांगड्या कुणी ठेवून घेतल्या, इथपर्यंत. भांडण झालं नाही त्या दिवशी दोघींना जेवण जात नसे. आता ताईंचा मुलगा त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायचं म्हणत होता, समुद्रापलीकडे. विमानाच्या भीतीनं ताईंनी कितीतरी दिवस टाळलं, पण शेवटी महिनाअखेरचं तिकीट आलं. एकदा गेल्या की परत येणार नव्हत्या, हे दोघींनाही माहीत होतं आणि दोघीही त्यावर एक शब्द बोलत नव्हत्या. बोलायच्या त्या बांगड्यांवरच.

पहिली खेप निघाली. पहिला तास मजेत गेला. मग वहिनी एका कुशीवर सरकल्या. मग दुसऱ्या. मग म्हणाल्या, "अहो, ही सीट एका बाजूनं बसतेय." थोड्या वेळानं त्यांचा चेहरा पांढरा पडला, कारण सारा भार ऑपरेशनच्या बाजूला येत होता. मास्तरांनी गाडी थांबवली, त्यांना उतरवलं, थोडं चालवलं आणि परत फिरले. गाडी पुन्हा सुरू केली तेव्हा सीट सरळ होती, शहाण्या मुलासारखी. घरी पोचेपर्यंत पुन्हा तिरकी.

गाडी सर्व्हिस सेंटरला गेली. आता ही जागा मास्तरांनी बाकावर इतक्या वेळा वर्णन केली आहे की मी डोळे मिटून हिंडू शकेन. काचेच्या भिंती, थंडगार हवा, मोठ्या टाकीत रंगीत मासे आणि दोन प्रकारची कॉफी. तिथे एक टायवाले होते, गिऱ्हाइकांशी बोलायला ठेवलेले. बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी. सर, बसा सर. सर, कॉफी घ्या सर. सर, गाडी तपासली सर, काही आढळलं नाही सर.

गाडी मात्र धुऊन दिली होती. आरशासारखी.

मास्तरांनी समजावून सांगितलं की तास झाल्याशिवाय कळत नाही, तासभर चालवून बघा. टायवाले म्हणाले, चालवून बघायची आमची पद्धत आहे सर, आवारातून निघून चौकाला वळसा घालून परत. तेवढ्यात दोष असेल तर कॉम्प्युटर सांगतो. कॉम्प्युटर काही म्हणाला नाही, सर. मास्तरांनी विचारलं, त्या सीटवर कुणी बसलं होतं का? टायवाले जरा गोंधळले. सीटवर बसून सीट तपासायची, हे त्यांना अघोरी वाटलं असावं.

संध्याकाळी एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन. आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल? मास्तर म्हणाले, "अजून तास व्हायचाय." मुलीनं दहा लिहून घेतले, असा मास्तरांना संशय आहे.

दुसरी खेप, पुन्हा अर्ध्या वाटेवरून परत. पुन्हा मासे, पुन्हा कॉफी, पुन्हा काही आढळलं नाही, पुन्हा गाडी लखलखीत. त्या दिवशी वहिनी बरोबर गेल्या होत्या. टायवाल्यांनी फार विचार केला आणि अत्यंत आदरानं मास्तरांना म्हणाले, "सर, कदाचित मॅडम बसताना चुकत असतील."

वहिनी काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "जन्मापासून बसतेय हो मी. आजवर कुणी चूक काढली नव्हती."

तिसऱ्या वेळी गाडी ठेवूनच घेतली. निरीक्षणाखाली आहे, म्हणाले. चार दिवसांनी विचारलं तर निरीक्षण चालू होतं. आणखी चार दिवसांनी कंपनीकडे विचारणा केली होती. भाग बदलायला दोष सापडायला हवा, आणि दोष सापडायला तो कॉम्प्युटरवर यायला हवा. कॉम्प्युटरच्या मते जगात सगळं ठीक चाललं होतं. इकडे ताईंचा रोज फोन. "एवढी विमानासारखी गाडी घेतलीस, तिला चाकं आहेत ना गं? का नुसती सीटच आहे?" वहिनी म्हणायच्या, "येतेय, येतेय, बांगड्या घासून ठेव." आणि फोन ठेवल्यावर खिडकीशी बसून राहायच्या. जेवण निम्म्यावर आलं होतं. मास्तर बघत होते.

ते एरवी तावातावानं बोलणारे नव्हेत. पण एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि म्हणाले, वरच्या माणसाला भेटल्याशिवाय हलणार नाही. माशांच्या टाकीसमोर बसून राहिले. शेवटी सर्व्हिस मॅनेजर बाहेर आले. पन्नाशीचे, उंच, सुटातले. बोलताना हात ओठांपाशी नेण्याची सवय. पंधरा मिनिटं ते बोलले. वहिनी घरी वाट बघत होत्या.

"काय म्हणाले?"

"वरची कवळी सैल आहे," मास्तर म्हणाले. "'स' म्हणताना शीळ येते. डावीकडे टोचतही असणार."

"अहो, गाडीबद्दल काय म्हणाले?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. त्यांना काहीच आठवेना. सोनाराचं लक्ष पाहुणीच्या गळ्याकडे, तसं यांचं सारं लक्ष त्या माणसाच्या तोंडात होतं. वहिनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी कामाच्या खोलीचं दार वाजलं. दारात मॅनेजर. त्यांना मास्तरांची ओळख पटली नाही, आणि पटणार कशी? डोळ्याला भिंग, अंगावर डागाळलेला एप्रन, भुवयांपर्यंत प्लास्टर. कुणाकडून तरी नाव ऐकून ते आले होते. शनिवारी शोरूममध्ये नव्या गाडीचा समारंभ होता. कंपनीचे बडे साहेब येणार, आणि भाषण यांचं. कवळी तशी छान आहे, ते म्हणाले, पण तासभर बोललं की डावीकडे टोचायला लागते. डेंटिस्टकडे जावं तर तिथे काही दुखत नाही, आणि त्यांना काही सापडत नाही. ते म्हणतात, तुमची चावण्याची पद्धत चुकत असेल.

मास्तरांनी ऐकून घेतलं. हात पुढे केला. मॅनेजरांनी तोंड वळवून कवळी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. दात काढल्यावर माणूस दहा वर्षांनी म्हातारा आणि चाळीस वर्षांनी लहान दिसतो. मास्तरांनी कवळी उजेडात धरली, फिरवली, वाटीतल्या पाण्यात सोडली. आणि म्हणाले, "ठेवून जा. निरीक्षणाखाली ठेवावी लागेल."

किती वेळ, असं मॅनेजरांनी खुणेनं विचारलं.

"सांगता येत नाही. सध्या तरी मला काही आढळत नाही."

मॅनेजर रुमाल तोंडावर धरून गेले. मास्तरांनी दार लावलं आणि, हे त्यांनी स्वतः कबूल केलं आहे, बाकावर बसून बिस्किट खाल्लं. चवीनं खाल्लं.

शोरूममध्ये त्या दिवशी मॅनेजरांचा घसा बसला. म्हणजे त्यांनी तसं चिठ्ठीवर लिहून कळवलं. केबिनचं दार बंद. हात खाली-वर करून दिवसभर कारभार चालला. टायवाले आजही म्हणतात की इतका सुखाचा दिवस त्या जागेवर उगवला नव्हता. दुपारी कुणीतरी वाढदिवसाचा केक आणला, तो मॅनेजरांच्या टेबलावर संध्याकाळपर्यंत तसाच होता. वरची मलई तेवढी गेली होती.

चार वाजता वहिनी काठी टेकत चहा घेऊन मागच्या खोलीत आल्या. वाटीत दात पाहिले. नवं गिऱ्हाईक असलं की त्या विचारायच्याच.

"कुणाचे हो?"

"सर्व्हिस मॅनेजरांचे."

वहिनी बाकावर बसल्या. आधी काही कळलं नाही, मग कळलं, आणि मग त्या इतक्या हसल्या की काठी गडगडत टेबलाखाली गेली. गाडी त्यांच्याकडे आणि दात आपल्याकडे. ताईला सांगायला हवं, म्हणाल्या. मास्तरही हसले. पुष्कळ दिवसांनी त्या घरात दोघं मिळून हसत होते. फळीवरचे जबडे तर हसतच होते.

चहा संपला. वहिनी वाटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो जेवला असेल का हो?"

मास्तर म्हणाले, पातळ काहीतरी प्यायला असेल, एक दिवस उपाशी राहून कुणी मरत नाही.

"ते खरंच. पण तुम्ही आजवर कुणाला ठेवलं नाहीत," वहिनी म्हणाल्या. "माझ्यापायी नका ठेवू."

मास्तर म्हणाले, त्यांनी तुझी चूक काढली होती. वहिनी म्हणाल्या, काढली होती, आणि मी ती विसरलेले नाही, शेवटच्या श्वासापर्यंत विसरणार नाही. पण ते वेगळं आणि हे वेगळं. एवढं बोलून त्यांनी कपबशी उचलली. टेबलाखालची काठी मास्तरांनी काढून दिली.

कवळीत दोष होताच. डावीकडे केसाएवढी कड राहिली होती. बसवल्यावर ती जाणवायची नाही. बोलून बोलून हिरडी दमली की टोचायची. मास्तरांनी ती घासली, तालूकडचा भाग भरून घेतला, चकाकी आणली. एप्रन काढला, तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला, दात डबीत, डबी खिशात, आणि दुसऱ्या खिशात बिस्किटांचा पुडा. सर्व्हिस सेंटर बंद व्हायच्या आत ते मॅनेजरांच्या केबिनमध्ये होते.

मॅनेजरांनी आधी त्यांच्या शर्टाकडे पाहिलं, मग डबीकडे, मग पुन्हा तोंडाकडे. ओळख पटली. पण पटून उपयोग काय, बोलायला दात हवेत. त्यांनी घाईनं कवळी घातली आणि पहिलं वाक्य बोलले, तेही शीळ न येता. "तुम्ही मुद्दाम केलंत."

मास्तर म्हणाले, "हो. चार वाजेपर्यंत."

मग त्यांनी सांगितलं की काम अजून पुरं झालेलं नाही. तासभर घालून बसायचं, बोलायचं, चावायचं, मगच कवळी पक्की. आज बसला नाहीत तर शनिवारी व्यासपीठावर कळेल. मॅनेजर म्हणाले, बसतो, इथेच बसतो. मास्तर म्हणाले, इथे नाही. मी माझ्याच जागेवर बसवतो, आणि बाक तर घरी राहिला. तुमच्या आवारात आमची गाडी आहे, तिच्यात बसू.

आता दात तोंडात आले होते. मॅनेजरांना नाही म्हणता आलं असतं, रखवालदाराला बोलावता आलं असतं. पण शनिवार जवळ होता. त्यांनी किल्ली मागवली. टायवाले धावत आले आणि सर, गाडी निरीक्षणाखाली आहे सर, म्हणाले. मॅनेजर म्हणाले, "तेच करायला निघालोय."

मास्तर चालवत होते आणि मॅनेजर वहिनींच्या जागेवर, मांडीवर बिस्किटांचा पुडा. शहर मागे पडलं, मोठा रस्ता लागला. बोलायचं हा नियमच होता, म्हणून मॅनेजर बोलले. विशीत मोटारसायकलवरून पडून दात गेले. बायकोला माहीत आहे, सासऱ्यांना नाही. कामाला लागले ते मेकॅनिक म्हणून, गाडीखाली झोपून. चांगलं काम केलं म्हणून वर चढवलं, आणखी वर चढवलं, आणि आता कितीतरी वर्षांत गाडीला हात लागला नाही. गिऱ्हाइकांनी दहापैकी किती दिले, तेवढं बघतात. बिस्किटं संपत आली. दिवस मावळतीला लागला.

तासाच्या सुमाराला मॅनेजर उजव्या कुशीवर सरकले. मास्तर रस्त्याकडे बघत राहिले. मॅनेजर डावीकडे सरकले. बोलता बोलता थांबले. सीटखाली हात घालून चाचपलं. पुन्हा बसून पाहिलं. आता ते वाऱ्यात कललेल्या होडीसारखे दिसत होते, आणि सरळ बसायला त्यांनी दारावरचं हँडल धरलं होतं.

मास्तरांच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. तुम्ही बसताना चुकत असाल. इतके दिवस त्यांनी ते जपून ठेवलं होतं. मी त्यांच्या जागी असतो तर तिथल्या तिथे खर्चून टाकलं असतं, आणि वर व्याजही घेतलं असतं. पण सवय ही वाईट गोष्ट आहे. तोंड उघडलं आणि रोजचंच बाहेर पडलं.

"दुखतंय का?"

मॅनेजरांनी हँडल सोडलं. मग म्हणाले, "दुखतंय."

"मग दुखतंय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी गाडी बाजूला घेतली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आणि दात?"

मॅनेजरांनी जीभ फिरवून पाहिली. दात आहेत, हेच ते विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीट उघडली. आतल्या एका पिशवीच्या सांध्यातून हवा जात होती, पण गरम झाल्यावरच, आणि अगदी सावकाश. गाडी बंद करून चालू केली की पिशवी पुन्हा भरायची. म्हणून कॉम्प्युटरचं पोट कधी दुखलं नाही. नवी सीट परदेशातून, जहाजानं यायची. जहाज यायच्या आत ताईंचं विमान सुटणार होतं. मॅनेजरांनी कोट काढून खुर्चीला लावला, कितीतरी वर्षांनी पाना हातात घेतला आणि शोरूममध्ये मांडलेल्या, त्याच जातीच्या गाडीची सीट स्वतः काढली. ती पांढरी होती. मास्तरांच्या काळ्या गाडीत ती आजही दिसते, काळ्याभोर तोंडात एकच दात चमकावा तशी.

शनिवारी समारंभ झाला. मांडलेल्या गाडीत सीटच्या जागी फुलांची मोठी टोपली ठेवली होती. बड्या साहेबांना ती कल्पना फार आवडली आणि सगळ्या शोरूममध्ये अशी टोपली ठेवा असं त्यांनी सांगितलं, अशी बातमी आहे. बाकावरची बातमी, तेव्हा शपथ घेणार नाही. भाषण मात्र कुणाला आवडलं नाही. कवळी टोचेनाशी झाल्यामुळे मॅनेजर थांबेचनात.

रविवारी मास्तर आणि वहिनी निघाले. पहिला तास गेला. मास्तर अधूनमधून वहिनींकडे बघत होते, वहिनी रस्त्याकडे. दुसरा तास अर्धा झाला तेव्हा मास्तरांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "कशाला विचारता? दुखलं असतं तर ऐकलं नसतंत का?"

ताई दारातच उभ्या होत्या. घर बांधाबांधीला आलं होतं, खुर्च्यासुद्धा कुणाकुणाला देऊन झालेल्या. बसायला जागा नाही म्हणून दोघींनी आधी भांडून घेतलं. आलीस तर उशिरा आलीस. आले ते कमी आहे का. आणि बारीक किती झालीस. तू कुठे जाड आहेस. मग ताई काळ्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. एवढं काय आहे गं त्या सीटमध्ये, म्हणाल्या, बघू तरी. गाडी उभी असेल तर त्यांना काही होत नसे. त्या पांढऱ्या सीटवर जाऊन बसल्या. वहिनी दुसऱ्या बाजूनं, काठी आत घेत, चालकाच्या जागेवर बसल्या. दारं लागली. मास्तर पायरीवर बसले.

आत काय बोलणं झालं, ते मला कळलेलं नाही. वहिनींनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, यावरून काय ते समजा. काचेतून मास्तरांना एवढं दिसलं की ताईंनी हातातून काहीतरी काढलं, वहिनींनी ते परत ढकललं, ताईंनी पुन्हा पुढे केलं, आणि मग बराच वेळ कुणीच काही ढकललं नाही. मास्तरांना भूक लागली होती. दोघी उतरायचं नाव घेत नव्हत्या.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. सर्व्हिस सेंटरची तीच गोड आवाजाची मुलगी. नवी सीट बसवल्याचं कळलं. दहापैकी किती द्याल? मास्तर उठले, गाडीची काच वाजवली, फोन आत दिला आणि म्हणाले, सीटवर जी बसलीय तिला विचारा.

ताईंनी फोन कानाला लावला. डोळे पुसायला घेतलेला पदर तसाच हातात होता. प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"आत्ताच तर बसलेय, बाई," त्या म्हणाल्या. "तासाभरानं कर."